लोणारचं गुलाबी पाणी अन् आपल्या गावची विहीर

मायबापहो, कोरोनाचं ते साल आठवा. २०२०. देवळांना कुलपं, पायी दिंड्या बंद, माणूस माणसाला भेटेना. अशात जून महिन्यात बातमी आली की लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लोणार काही परमुलूख नाही. आपल्याच वऱ्हाडातलं, बुलढाणा जिल्ह्यातलं. फोटो घराघरांत पोचले आणि बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे, लवणासुराचं रगत वर आलं. कोणी म्हणे, हा कलियुगाचा शेवट. आयाबाया विचारत, "महाराज, हे काहून झालं जी?"

प्रश्न चांगला होता. भिऊन विचारला, एवढंच वाईट.

लवणासुराची कथा तुम्हाला ठाऊक आहे. तो तिथं भूमीखाली दडून लोकांना छळत होता, भगवान विष्णूनं बालरूप घेऊन त्याचा वध केला. त्याच्या रक्ताचं पाणी झालं, मांसाचं मीठ झालं. दैत्यसूदनाचं देऊळ आजही लोणारात उभं आहे. जाऊन पाहा, काय कोरीव काम आहे! कथा खोटी म्हणून मी टाकत नाही. आपल्या पूर्वजांनी ते पाणी चाखलं, ते खारट लागलं, आणि त्याची त्यांनी आठवण ठेवली. पण कथेतला असुर तेव्हाच मेला ना? मग मेलेल्याला २०२० मध्ये कशाला भ्यायचं?

आता ऐका. आकाशातून एक प्रचंड पाषाण आपल्या काळ्या कातळावर आदळला, तेव्हा हा खड्डा झाला. रुंदी पावणेदोन किलोमीटरच्या वर. पूर्वी लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७३ साली शास्त्रज्ञांनी आघाताच्या खुणा दगडातच दाखवल्या. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागं राहतात. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि मिठातच सुखानं जगणारे अतिसूक्ष्म जीव माजले. त्यांच्या अंगचा रंग पाण्याला आला. नागपूर खंडपीठानं या प्रकाराची दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले. ते जीव तळाशी बसले तसं पाणी निवळ दिसलं. रोहित पक्ष्याच्या पिसांचा गुलाबीपणाही असाच खाण्यातून येतो, बरं का.

आता कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही तर देवाचा चमत्कारच काढून घेतला! अरे बाबा, जिथं मासोळी जगत नाही, त्या पाण्यात डोळ्याला न दिसणारा जीव वाढवला आणि त्याच्याकडून अख्खं तळं रंगवून घेतलं. हे लहान काम आहे का? मला तर हे रगतापेक्षा मोठं वाटतं. म्हणा, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!

पण माझं खरं बोलणं पुढं आहे. लोणारचं पाणी काही दिवस गुलाबी झालं तर आपण रात्र रात्र बोललो. आणि पूर्णेकाठचा खारपाणपट्टा? अमरावती, अकोला, बुलढाणा, तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर, जमीन सपाट, पाण्याचा निचरा नाही. खालचं पाणी खारं. हंडाभर गोड्या पाण्यासाठी माय कोसभर चालली. त्या पाण्यावर पऱ्हाटी तगत नाही. किडनीच्या दुखण्याची माणसं गावोगाव भेटतात. मुलगी द्यायची तर लोक आधी पाण्याचं विचारतात. तिथं कोणी म्हणालं का, "हे काहून?" नाही. रोजचं झालं की डोळा झोपतो.

गाडगेबाबा आपल्याच मातीतले, शेंडगावचे. कीर्तनात ते उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त करायचे. लोक हसता हसता गप्प व्हायचे.

लोणारच्या तळ्याकाठी कमळजा देवीचं देऊळ आहे. तिथं सासू-सुनेची विहीर सांगतात. एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारं. गोड कोणाचं, हे मी आयाबायांत बसून विचारत नाही! पण तुमच्या विहिरीचं मात्र विचारतो. पावसाळ्याआधी एक बाटली स्वच्छ धुऊन भरा, वर गावाचं नाव लिहा आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत द्या. ज्याच्या शेतात जागा आहे त्यानं शेततळ्याचं मनावर घ्यावं. आभाळातून पडतं ते पाणी गोडंच असतं. माळकरी मंडळींनी दोघादोघांनी एकेक वस्ती वाटून घ्या. नावं आत्ताच विणेकऱ्याजवळ द्या, मग आरती करू.