फाईलचा पत्ता आणि संगणकांच्या रीती

संगणकातील फाईलचा पत्ता सर्वत्र एकाच रीतीने लिहिला जात नाही. युनिक्स प्रणालीत फोल्डरांच्या नावांमध्ये पुढे झुकलेली तिरकी रेघ येते. एमएस-डॉसमध्ये ती रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती. म्हणून १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा उलटी रेघ घ्यावी लागली. विंडोजने तोच वारसा चालविला. रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे लिनक्स सामान्यतः भिन्न मानतो, विंडोज मानीत नाही.

पत्त्यांची तुलना करणाऱ्या छोट्या ‘लायब्ररी’ला, म्हणजे तयार आज्ञावलीच्या संचाला, एवढे भेद जुळवावेच लागतात. मराठी दप्तराच्या दृष्टीने खरी मेख मात्र निराळीच आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो : स्वतंत्र अक्षर म्हणून, अथवा ‘र’ला नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला भिन्न. परिणामी लिनक्स वा विंडोजवर एकाच फोल्डरात, दिसायला एकाच नावाच्या, दोन याद्या नांदू शकतात. आणि दुरुस्ती एकीत, अनुदानाचे वाटप दुसरीवरून, असा घोटाळा संभवतो. यास्तव तुलनेपूर्वी दोन्ही नावे युनिकोडच्या एकाच प्रमाणित रूपात आणावीत. फाईल उघडताना मात्र मूळ नावच वापरावे. प्रमाणित रूपाने शोधल्यास ती सापडेलच असे नाही.