अंतराळातील खरकटे आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेला. विद्वत्तेचा आव आम्ही कशास आणावा? परंतु यंदाच्या गुणवंतांची यादी वाचताना असे दिसले की, आपल्या ज्ञातीतील दोन मुली व एक मुलगा अंतराळविद्येच्या शिक्षणासाठी निघाले आहेत. आमच्या लहानपणी घरातला मुलगा तलाठी झाला तरी गावभर पेढे वाटीत. तेव्हा या मुलांना निरोप देताना आकाशाविषयीच बोलावे, असे मनात आले. तेथील पराक्रमाविषयी पुष्कळ बोलले जाते. आम्ही तेथील केरकचऱ्याविषयी बोलणार आहोत.

सन १९७९ चा जुलै महिना आपल्यांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आम्ही नुकतेच एका खेड्यातील शाळेवर रुजू झालो होतो. 'स्कायलॅब पडणार' अशी वार्ता आली आणि गावाच्या तोंडचे पाणी पळाले. पावसाळ्याचे दिवस, आभाळ भरलेले. वरून काय येईल ते दिसणारही नव्हते. कित्येकांनी मुलांना शाळेत धाडले नाही. ११ जुलै रोजी अमेरिकेची ती सुमारे ७७ टनांची प्रयोगशाळा कोसळली आणि तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. तेथील एस्परन्स गावच्या स्थानिक संस्थेने मात्र, 'आमच्या हद्दीत केर टाकला' म्हणून अमेरिकेच्या अंतराळ संस्थेस ४०० डॉलर दंड ठोठावला! दंड थट्टेचाच होता आणि त्या संस्थेने तो भरला नाही. अखेर २००९ साली अमेरिकेतील एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी जमवून तो चुकता केला. केर एकाने केला, दंड दुसऱ्याने भरला. आमचा सारा विषय या एका गोष्टीत आला आहे.

ही गोष्ट परदेशातील म्हणून सोडून द्यावी, तर २ एप्रिल २०२२ चे स्मरण करावे. त्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून अग्नीचे लोळ सरकताना हजारो लोकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले. त्याचा व्यास आठ-दहा फूट होता. आसपासच्या शिवारांत धातूचे गोलही सापडले. ते एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे जाणकारांचे मत पडले. सकाळी गुढी उभारणाऱ्या गावाने संध्याकाळी आकाशातून धातू पडताना पाहिला.

हे सारे वर राहते कसे? वर फेकलेला दगड खाली येतो, हे आम्ही मुलांस वर्षानुवर्षे शिकविले. उपग्रहही खाली पडतच असतो. परंतु त्याचा वेग सेकंदास सुमारे साडेसात किलोमीटर असल्यामुळे पृथ्वीची गोलाई त्याच्यापुढून सतत वळत जाते व त्यास जमीन गाठता येत नाही. चारशे किलोमीटरच्या खाली विरळ हवेचे घर्षण त्यास थोड्या वर्षांत ओढून आणते. आठशे किलोमीटरवर मात्र एखादे शतक वा त्याहूनही अधिक काळ लागतो. अमेरिकेचा 'व्हॅनगार्ड-१' हा लहानसा उपग्रह १७ मार्च १९५८ रोजी सोडला गेला, तेव्हा आमचा जन्म व्हायचा होता. १९६४ पासून तो मुका आहे. आम्ही शिकलो, शिकविले, निवृत्त झालो. तो मात्र अद्याप फिरतोच आहे.

एक मुका उपग्रह कोणाचे काय बिघडवितो, असे आपण म्हणाल. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर रशियाचा निकामी 'कॉसमॉस-२२५१' आणि अमेरिकेचा चालू स्थितीतील 'इरिडियम-३३' हे उपग्रह एकमेकांवर आदळले. दोहोंचे मिळून नोंद घेण्याजोगे दोन हजारांहून अधिक तुकडे झाले. यांतील प्रत्येक तुकडा बंदुकीच्या गोळीच्या कित्येक पट वेगाने धावतो; सुपारीएवढा तुकडा धडधाकट उपग्रहाचा चुराडा करू शकतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एक सेंटिमीटरहून मोठे असे बारा लाखांवर तुकडे पृथ्वीभोवती फिरत आहेत. तुकड्याने टक्कर, टकरीने आणखी तुकडे, ही साखळी एकदा सुरू झाली म्हणजे काही कक्षा वापरण्याजोग्याच राहणार नाहीत, असा इशारा केसलर व कूर-पॅले या शास्त्रज्ञांनी १९७८ सालीच देऊन ठेवला होता. चक्रीवादळाची आगाऊ सूचना, कोळी बांधवांस मिळणारा इशारा, पावसाचा अंदाज, या साऱ्यास त्या कक्षांतील उपग्रहांचाही हातभार लागतो. म्हणजे हा प्रश्न आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

येथे दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. २००७ साली चीनने आपलाच एक जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला व तीन हजारांवर तुकडे करून ठेवले. २०२१ साली रशियाने तेच केले. परंतु आपल्या घरचेही सांगितले पाहिजे. १९ डिसेंबर २००१ रोजी आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा, काम संपवून कक्षेत राहिलेला शेवटचा टप्पा फुटला व त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. २७ मार्च २०१९ रोजी आपण स्वतः एक उपग्रह पाडला. उंची सुमारे तीनशे किलोमीटरच ठेवली होती, म्हणून बहुतेक तुकडे लवकर खाली आले. तरी काही वर उडाले व वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले. स्वदेशाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु अभिमानापोटी हिशेब लपवू नये.

आणि दुसऱ्याच्या चुका मोजण्यापूर्वी आमची एक चूक सांगणे भाग आहे. आपल्या मंडळाची मोठी पातेली, पराती, घंगाळी लग्नकार्यास मिळतात, हे आपण जाणता. आमच्या थोरल्या चिरंजिवाच्या लग्नात ती आम्ही नेली. पाहुण्यांची पाठवणी, गाडीची वेळ, थकवा. भांडी तशीच खरकटी मंडळाच्या खोलीत लोटून आम्ही कुलूप लावले. 'उद्या कोणीतरी घासील,' असे मनाशी म्हटले. दुसऱ्याच दिवशी पहाटे एका गरीब घरच्या मुलीचे लग्न होते. खोली उघडली तेव्हा त्या मुलीच्या आईने व मावशीने, अंगावर हळदीची लुगडी असताना, आमची खरकटी पातेली घासली. त्या माउलीने आम्हांस कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे मंडळाने अनामत रकमेचा नियम केला. त्याचे मूळ कारण आम्ही होतो, हे आज प्रथमच या व्यासपीठावरून सांगत आहोत.

अंतराळाची कक्षा हेही असेच सामाईक भांडे आहे. ते कोणाच्या मालकीचे नाही, म्हणून ते घासण्याची जबाबदारीही कोणी आपली मानीत नव्हते. समाधानाची गोष्ट ही की, आता मानू लागले आहेत. २००१ च्या त्या स्फोटानंतर आपल्या शास्त्रज्ञांनी लगेच पुढील वर्षीच्या उड्डाणापासून, काम संपताच उरलेले इंधन व दाब सोडून देऊन टप्पा निरुपद्रवी करण्याची रीत घातली. 'मेघा-ट्रॉपिक्स-१' हा २०११ सालचा उपग्रह शंभर वर्षांहून अधिक काळ वर राहिला असता. त्याच्या रचनेत खाली आणण्याची सोय मुळात नव्हती. तरीही शिल्लक राहिलेले इंधन पुरवून पुरवून वापरीत त्यास खाली आणले व ७ मार्च २०२३ रोजी प्रशांत महासागरावर नेमक्या जागी उतरविले. 'कार्टोसॅट-२' हा आपोआप पडण्यास तीस वर्षे लागली असती. तो १४ फेब्रुवारी २०२४ रोजी हिंदी महासागरावर संपला. १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणाचा शेवटचा टप्पा तर कक्षेत प्रयोगांसाठी वापरून, खाली उतरवून, २१ मार्च रोजी नाहीसाही करण्यात आला. २०३० पर्यंत आपल्या साऱ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प भारताने सोडला आहे.

इतर देशही जागे झाले आहेत. पूर्वी काम संपल्यावर पंचवीस वर्षांच्या आत उपग्रह खाली यावा असा संकेत होता. अमेरिकेने २०२२ साली आपल्या परवान्यांसाठी ती मुदत पाच वर्षांवर आणली. अग्निबाणाचा पहिला टप्पा सुखरूप उतरवून पुन्हा वापरणे तर आता नित्याचे झाले आहे. जपानच्या एका कंपनीचे यान २०२४ साली एका जुन्या अग्निबाणाच्या टप्प्याजवळ सुमारे पंधरा मीटरपर्यंत जाऊन आले. हेतू हा की, पुढे असे अवशेष पकडून खाली आणता यावेत. परंतु वाळलेले खरकटे खरवडण्यापेक्षा भांडे वेळीच विसळणे सोपे, हे आमच्या माता-भगिनींस सांगावयास नको.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्यासाठी दोनच शब्द. तुमच्यांपैकी कोणी उद्या उपग्रह घडवील. तो उडेल तेव्हा टाळ्या वाजतील, वर्तमानपत्रांत छायाचित्र येईल आणि हे मंडळ पुन्हा तुमचा सत्कार करील. परंतु तो उपग्रह पंधरा-वीस वर्षांनी खाली उतरेल त्या दिवशी कोणी टाळ्या वाजविणार नाही. त्या दिवसासाठी लागणारे चार किलो इंधन पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा. कोणी म्हणेल, 'त्या इंधनात आणखी वर्षभर काम होईल.' तेव्हा त्या पहाटे दुसऱ्यांची भांडी घासणाऱ्या माउलीची आठवण ठेवा आणि ठामपणे नाही म्हणा.

आणि पालकांस विनंती ही की, मुलांनी काय आरंभिले एवढेच न विचारता, काय नीट आवरून ठेवले हेही विचारीत जावे. पुढील वर्षापासून मंडळाच्या भांड्यांची खोली महिन्यातून एकदा उघडून पाहण्याचे काम आम्ही स्वतःकडे मागून घेतले आहे. ऋण जुने आहे. फेडण्यास उशीर झाला, एवढेच.