पाण्याखालचा दगड आणि बोटीचा पंखा



आज आपण बोटीच्या पंख्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, माहूर हे डोंगरावरचे गाव. इथे रेणुकामातेचे ठाणे, दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर. इथे बोटीचे काय काम?

पण डोंगर उतरून खाली या. खाली पैनगंगा आहे. पलीकडे धनोडा, म्हणजे यवतमाळ जिल्हा. पावसाळ्यात ही नदी फुगते. वर इसापूरच्या धरणातून पाणी सोडले की आणखी फुगते. ओढ्यानाल्यांचे पाणी तुंबते, शेते बुडतात, वाड्या आणि तांडे वेढले जातात. जुलै 2023 मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांडा असाच वेढला गेला होता. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुखेड तालुक्यातली गावे पाण्यात गेली. अशा वेळी इंजिनाची बोट लागते. ती चालवणारे हात बाहेरून येतात, तसे गावचेही असतात. म्हणून हा विषय आपला आहे.

पुराचे पाणी नदीच्या पाण्यासारखे नसते. नदीत खडक कुठे आहे हे भोई बांधवांना ठाऊक असते. पण पूर आला की बोट शेतावरून जाते, रस्त्यावरून जाते. गढूळ पाण्याखाली काय काय असते? विहिरीचा कठडा, कुंपणाची तार, विजेचा खांब, बाभळीचा बुंधा, पुलाचा कठडा. वरून काहीच दिसत नाही. समुद्रातही तेच. 24 ऑक्टोबर 2018 रोजी मुंबईजवळ शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली एक बोट पाण्याखालच्या खडकावर आदळून बुडाली. एकाचा जीव गेला.

समजा, आपली बोट बुडाली नाही. फक्त खाडकन आवाज झाला, बोट हादरली आणि पुढे चालू लागली. पण आता ती थरथरते आहे. समोर छपरावर माणसे वाट पाहत आहेत. आणखी एक फेरी करावी की नाही? हाच खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, तपासून द्यावे.

आधी थरथर का होते ते समजून घेऊ. बैलगाडीचे चाक डोळ्यापुढे आणा. मधे तुंबा, तुंब्यात आरे, आणि तुंब्यातून जाणारा आख. बोटीच्या पंख्याचेही तसेच. मधे तुंबा, त्यावर तीन किंवा चार पाती, आणि आत आख. सगळी पाती सारख्या वजनाची आणि सारख्या वळणाची असली की पंखा सुरळीत फिरतो. एक पाते वाकले किंवा त्याचा टवका उडाला की तोल जातो. घरच्या छताच्या पंख्याचे पाते वाकले तर तो कसा डुलतो, ते आपण पाहतोच.

बोटीचे इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल, तर पंखा साधारण त्याच्या निम्मे घेतो. म्हणजे सेकंदाला 40 फेरे! वेग दुप्पट केला की तोल गेल्याचा हिसका दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून हळू चालताना न जाणवणारी खोड वेगात भारी पडते.

आता काय करावे ते क्रमाने सांगतो.

आघात होताच वेग कमी करा. बोटीत पाणी येते का, माणसे सावरली का, हे आधी पाहा. धारेच्या मधोमध इंजिन बंद करून उचलू नका. बोट वाहून जाईल. बोट ऐकत असेल तर हळूहळू संथ पाण्यात या. झाडाला दोर बांधा.

पहिली परीक्षा. इंजिन पाण्यातच ठेवून गिअर काढा आणि वेग थोडा वाढवा. आता पंखा फिरत नाही. तरीही थरथर असेल, तर दोष इंजिनात आहे किंवा ते बोटीला आवळणारे स्क्रू ढिले झाले आहेत. थरथर थांबली आणि गिअर टाकताच पुन्हा आली, तर दोष खाली, पंख्यात किंवा आखात आहे. इंजिन पाण्याबाहेर काढून मात्र चालवू नका. त्याला पाण्यानेच थंडावा मिळतो.

दुसरी परीक्षा. इंजिन बंद करा. ते चुकूनही सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची टोपी काढा. मग इंजिन उचला. पंख्याला तार, साडीचा तुकडा, जलपर्णी किंवा जाळ्याचा नायलॉन गुंडाळला आहे का? पुष्कळदा एवढेच कारण निघते. सगळे काढा, पंख्यामागचा धागाही काढा. राहिलेला धागा आतले सील कापतो.

तिसरी परीक्षा. एक काडी पंख्याशेजारी इंजिनाच्या अंगाला बांधा. तिचे टोक एका पात्याच्या टोकाजवळ आणा. पंखा हाताने फिरवा. प्रत्येक पाते काडीपासून सारख्याच अंतरावरून गेले पाहिजे. एकच पाते चुकले, तर ते वाकले आहे. आता पंख्याच्या मधोमध, नटाकडे पाहा. नट जागच्या जागी फिरला तर आख सरळ आहे. नटच गोल गोल डुलला तर आख वाकला आहे. चाक बदलून वाकलेला आख सरळ होत नाही, हे गाडीवानाला सांगायला नको.

चौथी परीक्षा सगळ्यांत खात्रीची. जवळचा दुसरा पंखा बसवा. थरथर गेली तर दोष पहिल्या पंख्याचा. तशीच राहिली तर दोष आखाचा किंवा गिअरचा. म्हणून प्रत्येक बोटीत एक जादा पंखा, पाना आणि वल्ही असावीत.

कधी कधी थरथर नसते, पण इंजिन नुसतेच गुरगुरते आणि बोट पुढे सरत नाही. तेव्हा तुंब्यातले रबर सुटलेले असते, किंवा लहान इंजिनातली खीळ तुटलेली असते. ती आघात सोसून आतले दाते वाचवण्यासाठीच बसवलेली असते.

काम संपल्यावर गिअरचे तेल पाहा. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे. तेलात लोखंडाचा चुरा आला तर दाते दुखावले आहेत. वाकलेले पाते हातोडीने ठोकून सरळ करू नका. त्याला चीर पडते आणि ते पुढच्या पुरात तुटते. पंखा कारखान्यात द्या.

आता छपरावरच्या माणसांकडे वळू. आख सरळ असेल, थरथर किंचित असेल, दुसरा पंखा नसेल, तर कमी माणसे घेऊन, कमी वेगाने, धार टाळून फेरी करता येईल. वल्ही हाताशी ठेवा. पण आख डुलत असेल किंवा थरथर जोराची असेल, तर जाऊ नका. दुसरी बोट मागवा. छपरावरचा माणूस तासभर आणखी थांबू शकेल. पण भर धारेत इंजिन बंद पडले, तर बोटीतली सगळीच माणसे धोक्यात येतील.

थांबणे म्हणजे भिणे नव्हे. ही परीक्षा पावसाळ्याआधीच, कोरड्या जमिनीवर, दोनदा करून पाहा. सासूसुनांनी, पोरांनीही पाहावी. म्हणजे पूर येईल तेव्हा कोणी तरी म्हणेल, "थांबा, आधी नट बघा."