मूत्रपिंड आणि रक्तपेशी
(आबिड्स येथील वर्धापन सभेतील भाषण)



आमचे अब्बा फिकट पडू लागले तेव्हा घरात सर्वांचे एकमत झाले: रक्त कमी आहे, लोहाचे औषध नि खजूर द्या! शास्त्र शिकविणारा मीही त्यांतच होतो. चार महिने गेले. मग क्रिएटिनिन तपासले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत आल्याचे कळले.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या रोगात तिचे आयुष्य घटते. दोष पेशीचा की रक्ताचा? निरोगी माणसाच्या पेशी रोग्याच्या अंगात सोडून पाहिल्या. त्याही लवकर मेल्या. रोग्याच्या पेशी निरोगी अंगात मात्र बहुधा नीट जगल्या. मासा चांगला, पाणी नासलेले!

पाणी नासविणाऱ्यांपैकी एक विष इंडॉक्सिल सल्फेट. आतड्यातील जंतू प्रथिनांपासून त्याचा कच्चा माल तयार करतात. ते रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून बसते, म्हणून डायालिसिसनेही पुरते निघत नाही. अशा विषांमुळे प्लेटलेट नीट चिकटत नाहीत, पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात. शिवाय तांबड्या पेशी घडविण्याचा हुकूम देणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच बनते. त्याचे इंजेक्शन १९८९ पासून मिळते. इतके सारे बिघडल्यावर एकट्या खजुराने काय व्हावे?

आपल्याकडे आरोग्यश्री योजनेत डायालिसिस बसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अब्बांचे डायालिसिस सुरू झाल्यावर हिरड्यांतून येणारे रक्त थांबले. फिकेपणा मात्र इंजेक्शनांनंतरच हळूहळू उतरला.