करारस्वातंत्र्य कोणाचे?
(चिंचणी, ता. डहाणू येथील भाषण)



‘सरकारने बाजारात हात घालू नये, प्रत्येक मनुष्य आपला करार करावयास स्वतंत्र आहे,’ हा विचार ऐकावयास गोड आहे. त्याची परीक्षा आपल्याच डहाणू-तलासरीत झाली आहे. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली ‘लग्नगडी’ म्हणून पत्नीसह जमीनदाराकडे राबत असे. तोही करारच होता! गरज वारल्याची आणि अटी जमीनदाराच्या. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेत संघटित होऊन वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. करारात हात न घालणारे सरकार बंदूक घेऊन मात्र आले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच मर्म सांगितले. सरकारी नियंत्रण उठले की जमीनदार खंड वाढविण्यास व मालक कामाचे तास वाढविण्यास मोकळा होतो. तेथे धन्याची हुकूमशाही सुरू होते.

मुक्त बाजाराचे काही मोठे पंडित राजकीय हुकूमशाहीपर्यंतही गेले. लुडविग फॉन मिझेस यांनी फॅसिझम हा कायमचा उपाय मानला नाही; तरी त्याने युरोपची संस्कृती तूर्त वाचविली, असे श्रेय १९२७ साली त्याला दिले. चिलीत १९७३ साली लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. फ्रीड्रिख हायेक यांनी १९८१ साली तेथील वृत्तपत्रास सांगितले की, उदारमतवाद नसलेल्या लोकशाहीपेक्षा उदारमतवादी हुकूमशहा आपणांस अधिक पसंत आहे.

आपल्या देशात १९५९ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने जमिनीच्या कमाल मर्यादेस विरोध केला. मिनू मसानींसारखे त्याचे नेते धर्मनिरपेक्ष होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि १९७० साली संस्थानिकांचे तनखे रद्द करण्यास या पक्षाने व हिंदुत्ववादी जनसंघाने, दोघांनीही विरोध केला. १९७१ची निवडणूकही ते एकाच आघाडीतून लढले.

प्रत्येक व्यापारी हुकूमशहा असतो, असे माझे म्हणणे नाही. परंतु एक जण मालमत्तेस मताहून श्रेष्ठ मानतो, दुसरा जन्मास समतेहून श्रेष्ठ मानतो. गरिबाच्या मताचे भय वाटू लागले, की हे दोघे एकमेकांचे सोबती होतात.

संविधानाच्या कलम २३ने वेठ निषिद्ध ठरविली. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द केले. हे कायदे म्हणजे सरकारने करारात घातलेला हातच होय, आणि त्यानेच वेठबिगार स्वतंत्र झाला. म्हणून कोणी स्वातंत्र्याचे नाव घेईल तेव्हा विचारा: ते कोणाचे? आणि कागद वाचून घेतल्याखेरीज त्यावर अंगठा उठवू नका.