ओढ्याच्या अलीकडे



मी डोंगरातल्या शर्यतीबद्दल बोलणार हे कळल्यावर तुमच्यातले बरेचजण हसले असतील. हसायलाच हवं. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत माझं लिंबू दहा पावलांत खाली पडायचं, हे मैदानावरच्या सगळ्यांनी पाहिलंय. तीच मी लग्नानंतर इंग्लंडला गेले आणि नवऱ्याच्या नादाने डोंगरात पळायला लागले.

तिकडे १९६८ साली सुरू झालेली एक शर्यत आहे. दोघांची जोडी, दोन दिवस, आणि तंबू, स्टोव्ह, खाणं, अंथरूण-पांघरूण सगळं आपल्याच पाठीवर. आखलेली वाट नसते. नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरावीक खुणा शोधायच्या आणि रात्री डोंगरातच मुक्काम करायचा. एक नियम मात्र कडक: जोडीदाराला सोडून पुढे जायचं नाही. म्हणजे लग्नासारखंच, फक्त घर फार लहान.

२००८ साली आम्ही दोघांनी नाव घातलं. शर्यत लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल खोऱ्यात होती. तिथल्या सीथवेट वस्तीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मी साताऱ्याची, महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेली. मला त्याचं काय कौतुक! शुक्रवारी आईला फोन केला, "दोन दिवस तंबूत राहायला चाललोय." दिवाळी तोंडावर आली होती. तिने पाठवलेल्या चिवड्याची पुडी मी पिशवीत टाकली.

शनिवारी, २५ ऑक्टोबरला, निघालो तेव्हाच पाऊस आडवा लागत होता. आपला पाऊस भिजवतो. तो पाऊस अंगातली ऊब काढून घेतो. दोन तासांत बोटांना पुडीची गाठ सुटेना. ग्रीन गेबलच्या माथ्यावर वाऱ्यात उभं राहता येईना, बसून बसून पुढे सरकलो. पुढची खूण वॉर्नस्केलच्या बाजूला, एका ओढ्यापलीकडे होती. नकाशावर तो ओढा म्हणजे निळी बारीक रेघ. प्रत्यक्षात तपकिरी पाणी दगड वाजवत धावत होतं.

नवऱ्याने आठ महिने तयारी केली होती. तो म्हणाला, "एवढं आलोय, हा एक ओढा पार करू." मी म्हणाले, "नाही." त्याने पाय टाकलाच. पाणी मांडीपर्यंत आलं आणि तो डगमगला. मी त्याच्या पिशवीचा पट्टा धरला तो सोडलाच नाही. वाऱ्यात एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर राग मात्र स्पष्ट दिसत होता. जोडी सोडता येत नाही, त्यामुळे माझ्या नकारातच त्याचीही शर्यत संपली.

मागे फिरायचं तर कुठे? मी नकाशा पाहिला. ड्रम हाऊसपासून पाटीच्या दगडाच्या खाणीची जुनी ट्रामची वाट सरळ होनिस्टर खिंडीत उतरते. त्या वाटेने आलो. तासभर तो एक शब्द बोलला नाही.

दरम्यान आयोजकांनी शर्यत थांबवली होती. खालचे रस्ते पाण्याखाली होते, फोन लागत नव्हते. खाणीच्या लोकांनी दारं उघडून आसरा दिला. ओल्या कपड्यांच्या वाफेत, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून आम्ही बसलो. आईच्या चिवड्याची पुडी हातोहात फिरली आणि रिकामी परत आली.

रात्री त्याने बॅटरीच्या उजेडात नकाशा उघडला. ओढ्यावर बोट ठेवून ते तो खाली नेत गेला. आम्ही उभे होतो त्याच्या जरा खाली समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणजे कडा. पाय सुटला असता तर पाण्याने तिथेच नेलं असतं. "तू हे पाहिलं होतंस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "म्हणून तर पट्टा सोडला नाही."

बाई, आज तुम्ही पहिल्या रांगेत आहात. आठवीत तुम्ही आम्हाला नकाशा हातात देऊन अजिंक्यताऱ्यावर नेलं होतं. रेषा दाट झाल्या की चढ कसा उभा होतो, ते पायांनी मोजायला लावलंत. मला भूगोलात जेमतेम पास केलं होतंत, पण तो धडा लागू पडला.

आता माझी चूक सांगते. त्या रात्री बातम्यांत शेकडो धावपटूंचा पत्ता नाही असं येत होतं. भाग घेतलेले अडीच हजारांच्या आसपास होते आणि सुदैवाने सगळे वाचले. पण हे रविवारी कळलं. लंडनच्या मावसभावाने घाबरून आईला फोन केला, "ताई कुठे आहे?" तिला माझ्या बोलण्यातला 'तंबू' एवढाच शब्द ठाऊक होता. शर्यतीचं नाव नाही, जागा नाही, कुणाचा नंबर नाही.

त्या रात्री आपल्याच वर्गातल्या दोघी फराळाचं ताट द्यायला म्हणून आल्या आणि सकाळपर्यंत आईजवळ बसून राहिल्या. मी दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा आईला बोलता येईना. दोघींपैकी एकीने फोन घेतला आणि मला जे सुनावलं, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. मला ते हवंच होतं.

तेव्हापासून डोंगरात जाण्याआधी मी एक कागद लिहिते: कुठे जातोय, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. आई होती तोवर तो तिला जायचा. आता त्या दोघींना जातो. दोघीही आज इथेच बसल्या आहेत आणि पुढच्या महिन्याचा कागद अजून आला नाही म्हणून सकाळीच मला ओरडल्या आहेत.