टाक्यांची खूण आहे, कागद नाही

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमातलं व्याख्यान. श्रोत्यांनी प्रश्न मध्येच विचारले. ते जिथे आले तिथेच ठेवले आहेत.)

पत्रात माझा विषय होता 'मराठवाड्यातलं ग्रामीण आरोग्य'. त्यावर मी तासभर बोलू शकतो आणि तुम्ही तासभर झोपू शकता. (हशा) पण परवा इथे अमेरिकेत लेकीच्या घरी एक जोडपं भेटायला आलं. ओळख अर्धीमुर्धीच. त्यांचं गाव बदनापूरकडचं, माझं करमाड, एवढ्या नात्यावर चहा झाला. त्यांच्या मुलाला आरओटीसीतून, म्हणजे कॉलेजातल्या लष्करी प्रशिक्षणातून, अमेरिकन सैन्यात अधिकारी व्हायचंय. लहानपणी सुट्टीला गावी गेला असताना तिकडेच त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आता फॉर्मवर प्रश्न आलाय, कधी शस्त्रक्रिया झाली आहे का. वडील म्हणतात लिहू नको. आई म्हणते लिही. पोरगा म्हणतो, मला तर आठवतही नाही. अशी घरं या हॉलमध्ये आणखी असणार, म्हणून विषय बदललाय. आयोजकांनी रागवू नये.

मी सर्जन. आयुष्य जालना रोडवर गेलं. आमच्याकडे पहाटे रस्त्याच्या कडेने पोरं पळताना दिसतात. सैन्यभरतीसाठी सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचं वेड. ग्राउंड निघालं की मेडिकल, आणि मेडिकलला बाहेर पडलेला पोरगा थेट माझ्याकडे. कुणाचा नॉक नी, कुणाचा फ्लॅट फूट, कुणाचं व्हेरिकोसील. कुणाच्या कानात नुसता मळ! वर्षभर पळून कानातल्या मळासाठी रिव्ह्यूला पडलेली पोरं मी पाहिली आहेत. नॉक नीवर तर घरोघरी इलाज: गुडघ्यात उशी धरून झोपायचं. आई रात्री उठून उशी सरकली का बघते.

(प्रश्न: करमाड म्हणजे ते रेल्वे अपघातवालं?)

हो. 8 मे 2020. लॉकडाऊनमध्ये जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या घराकडे पायी निघाले होते. थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडी आली. 16 जण गेले. करमाडचं नाव जगाने तेव्हा ऐकलं. त्याआधी मोसंबी विकत घेणाऱ्यांनाच ते माहीत होतं. त्यावर कधीतरी वेगळं बोलेन, आज नको.

तर मेडिकल. आपल्याकडे अग्निवीराच्या भरतीत डॉक्टरने अनफिट म्हटलं की पोराला मिलिटरी हॉस्पिटलात तज्ज्ञाकडे रिव्ह्यू मिळतो. एनडीएला जाऊ पाहणाऱ्याची शिडी मोठी. आधी स्पेशल मेडिकल बोर्ड. ते नापास करतं तेव्हा 42 दिवसांत अपील मेडिकल बोर्ड. त्यानंतरही नाही म्हटलं तर रिव्ह्यू मेडिकल बोर्डाची मागणी करता येते, पण ते देणं वरिष्ठांच्या मर्जीवर. छत्रपती संभाजीनगरात सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, 1977पासूनची, आम्ही एसपीआय म्हणतो. तिथल्या पोरांना ही सगळी शिडी तोंडपाठ असते.

आता नीट बघा, या शिडीवर पोरगा प्रत्येक पायरीला काय म्हणतो. म्हणतो, "साहेब, तुम्ही चुकीचं बघितलं. मला तो दोष नाही. पुन्हा बघा." नियम चुकला असं तो म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. दोष खरा असेल तर संपलं. मधल्या मुदतीत ऑपरेशन करून दोषच घालवता आला तर घालवायचा. म्हणून तर भरतीच्या हंगामात हायड्रोसील आणि व्हेरिकोसीलची ऑपरेशनं वाढतात.

अमेरिकेत उलटं चालतं, आणि हा फरक मला इथे येईपर्यंत एवढा ठळक कळला नव्हता. इथला पोरगा म्हणतो, "साहेब, तुमचा नियम बरोबर, माझा दोषही खरा. तरी मला घ्या, कारण हे बघा, मी धडधाकट आहे." नियमानुसार अपात्र ठरवायचं, आणि मग त्या एका माणसापुरता नियम बाजूला ठेवायचा की नाही हे सेनेने ठरवायचं. मला याचं भारी अप्रूप वाटतं. आमच्याकडे अपात्र म्हणजे अपात्र. इथे अपात्र ठरल्यावरच खरी फाइल सुरू होते.

पण ही फाइल कागदावर चालते, आणि तिथेच आपल्या लोकांची गोची आहे.

सातबारा सगळ्यांना माहीत आहे ना? पोरांना नसेल, आईवडिलांना असेल. सोसायटीचं पीककर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो. कर्ज फेडलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला घ्यायचा, तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार व्हायचा, मग उतरतो. मध्येच जमीन विकायला निघालात तर गिऱ्हाईक विचारणारच, हा बोजा कसला? तुम्ही म्हणता, अहो वडिलांनी कधीच फेडलं. तो म्हणतो, दाखला दाखवा. अमेरिकन सैन्याची मेडिकल नोंद हा असा सातबारा आहे. 2022पासून त्यांच्या भरती केंद्रांत एमएचएस जेनेसिस ही संगणकी व्यवस्था आली. इथल्या दवाखान्यांतल्या जुन्या नोंदी तिच्यातून दिसू शकतात. तीनचाकीवरून पडला तेव्हा हात मोडला, पाच वर्षांचा असताना दम्याचा पंप दिला, सगळे बोजे उभे. पोरगा विसरला, आई विसरली, नोंद विसरत नाही.

आमच्या करमाडच्या पोराच्या बाबतीत नोंदच नाही! घाटीत, म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयात, ऑपरेशन झालं, डिस्चार्ज कार्ड पत्र्याच्या पेटीत ठेवलं, पेटीत उंदीर शिरले. उरली पोटावरची टाक्यांची खूण. बोर्डाचा डॉक्टर ती बघतो, "खोक" म्हणतो, बोट लावून बघतो. हर्नियाच्या बाबतीत आपले नियमही समंजस आहेत: ऑपरेशन होऊन ठरलेला काळ गेलेला हवा, पोटाचे स्नायू घट्ट हवेत, हर्निया परत आलेला नको. कागद तिथेही मागतात, पण शेवटी बोट बोलतं.

(प्रश्न: मग हर्निया झालेल्या मुलाला अमेरिकेत घेत नाहीत का?)

बरं झालं विचारलंत, हेच तर राहिलं होतं. घेतात! आज हर्निया असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर अडतं. लहानपणी झालेला आणि परत न आलेला हर्निया इथल्या नियमात अपात्रच ठरवत नाही. म्हणजे ते वडील जे लपवायला सांगत होते, ते लपवण्यासारखं नव्हतंच. आणि लपवलं असतं, पुढे कुणाला पोटावरची खूण दिसली असती, तर खोटं लिहून भरती होणं हा इथे लष्करी गुन्हा आहे. निरुपद्रवी गोष्टीचा गुन्हा करून बसायचं.

ही सवय येते कुठून, मला माहीत आहे. आपण स्थळ बघताना शिकलो. मुलीला लहानपणी फिट आली होती? काही नाही, तापात जरा थरथरली होती. मुलाचं हृदयाचं ऑपरेशन? छे, साधं चेकअप. ही हुशारी इथे उलटते.

हृदयाचं निघालं म्हणून सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरातून सुरू झाला. अंगणवाडीत, शाळेत पथक येतं, जन्मतः असलेले दोष शोधतं. त्याच सुमारास राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यभर गेली, आता तिला महात्मा फुले यांचं नाव आहे. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, न उतरलेलं अंड, अशी कितीतरी पोरं फुकटात बरी झाली. तेव्हा सहा वर्षांचं असलेलं पोर आज अग्निवीरच्या वयात आहे. सरकारच्या एका हाताने ज्यांना धडधाकट केलं, ती पहिली पिढी आता सरकारच्या दुसऱ्या हातासमोर बनियन काढून उभी राहते. हृदयाच्या बाबतीत आपले नियम फार कडक आहेत, आणि ऑपरेशन झालंय तर मला एका माणसापुरतं बघा, असं म्हणायला दार नाही. अमेरिकेत हृदयाजवळची जन्मतः उघडी राहिलेली ती नळी, पीडीए, लहानपणी बंद केली असेल तर साधारणपणे तो दोष धरतही नाहीत. हे मला डाचतं. सगळ्यांना घ्या असं माझं म्हणणं नाही. युद्धभूमीवर बंद पडणारं हृदय कुणाला नको आहे. पण ज्या पोराला आपणच दुरुस्त केलं, त्याचा इको बघून एका डॉक्टरने "याच्यापुरतं चालेल" म्हणायची सोय ठेवायला काय हरकत आहे? आमच्याकडची पोरं मग वकील गाठतात, औरंगाबाद खंडपीठात जातात. न्यायाधीश डॉक्टरांच्या बोर्डाच्या जागी बसायला सहसा तयार नसतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून दार डॉक्टरांकडेच हवं.

(प्रश्न: ओसीआय असलेल्या मुलाला एनडीएला जाता येतं का?)

नाही. भारताचं नागरिकत्व लागतं. ओसीआयचं कार्ड विमानतळावर कामाचं, खडकवासल्यात नाही.

(प्रश्न: आणि मुलींना?)

मुलींना एनडीए उघडली. 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेला बसू दिलं, 2022मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि 2025च्या मे महिन्यात 17 मुली तिथून बाहेर पडल्या. नाशिकला मुलींसाठी एसपीआयही निघाली. माझ्याकडे येणाऱ्या भरतीच्या पोरांत आता पोरीही असतात आणि त्या कान साफ करून येतात. (हशा)

परत कागदावर येतो. ज्यांच्या मुलांची ऑपरेशनं भारतात झाली, त्यांनी मुलगा सतरा वर्षांचा होण्याची वाट पाहू नका. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, बायॉप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, आत्ताच शोधा. डॉक्टरांसाठीच्या 2002च्या नियमावलीत रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवायचं बंधन आहे. रुग्णाने मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या. म्हणजे तीन वर्षांनंतर दवाखान्याने पोती भरून रद्दीत दिली तर तुम्ही भांडू शकत नाही. आता आभा क्रमांक आलाय, 14 आकडी. पुढच्या पिढीचा सातबारा आपल्याकडेही तयार होतोय. पण तुमची मुलं त्या आधीची.

(प्रश्न: आमच्या दवाखान्याचे डॉक्टर वारले. दवाखाना बंद आहे. काय करायचं?)

त्यांचा मुलगा-मुलगी डॉक्टर असेल तर त्यांच्याकडे विचारा; गावाकडे जुनी रजिस्टरं पुष्कळदा माळ्यावर असतात. नसेल तर दवाखाना बंद झाला, नोंदी उपलब्ध नाहीत, असं कुणाकडून तरी लेखी घ्या. मग इथल्या सर्जनकडे जा. त्याने खूण बघावी, सोनोग्राफी करावी आणि आज काय आहे ते लिहावं: अमुक जागी जुन्या ऑपरेशनचा व्रण, दोष परत आलेला नाही, कामावर मर्यादा नाही. आईने तिला आठवतं तेवढं स्वतःच्या सहीने लिहावं, वर्ष, गाव, कारण. अंदाज असेल तर अंदाज असं लिहावं, तारीख बनवू नये.

(प्रश्न: नेव्हीने नाही म्हटलं तर?)

तर आर्मीला विचारायचं. सूट द्यायची की नाही हे प्रत्येक सेना आपापलं ठरवते, एकीचा नकार दुसरीवर बंधनकारक नाही. पण अर्ज तुम्ही स्वतः करायचा नसतो. भरतीत जाणाऱ्यासाठी रिक्रूटरच्या मार्फत जातो, आणि आरओटीसी किंवा अकादमीच्या मुलासाठी त्या संस्थेला तो हवा असेल तर ती मागते. म्हणजे अभ्यास आणि पळणं चांगलं असेल तर कुणीतरी मागेल. त्या वडिलांना मी एवढंच सांगितलंय की फॉर्म मुलाला स्वतःला भरू द्या, आणि गावी फोन करून पेटी उघडायला सांगा.